पेनड्राइव्ह पुसून भागत नाही, आधी संगणक तपासा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात मी गेली २२ वर्षे टंकलेखन, डीटीपी (संगणकावर छपाईची मांडणी) आणि झेरॉक्सचे दुकान चालवते. डिसेंबर लागला की आमच्याकडे मराठी माध्यमाच्या शाळांच्या सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका आणि सीमाभागातील गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका अशी कामे एकदम येतात आणि त्यांतली बहुतेक पेनड्राइव्हवरूनच येतात. त्या पेनड्राइव्हबरोबर दरवर्षी एक दुखणेही दुकानात शिरते. फोल्डर नाहीसे होतात, त्यांच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट दिसू लागतात आणि पेनड्राइव्ह साफ करून दिला तरी आठवडाभरात तोच ग्राहक तोच पेनड्राइव्ह घेऊन तीच तक्रार सांगत परत येतो. आपण सगळेच याकडे किरकोळ कटकट म्हणून पाहत आलो. यंदा मात्र या कटकटीपायी एका माणसाचे १२ वर्षांचे काम मोडले, आणि ते मोडण्याचे काहीही कारण नव्हते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

तालुक्याच्या पश्चिमेकडील, जंगलाला लागून असलेल्या एका गावचे निवृत्त शिक्षक आमचे जुने ग्राहक आहेत. आपल्या परिसरातील म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या आणि पेरणी-मळणीची गाणी ऐकायची, वहीत उतरवून घ्यायची आणि सुट्टीत आमच्या दुकानात शेजारी बसून ती टंकित करून घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. सुमारे ३५० फाइली जमल्या होत्या. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी आज हयात नाहीत. काही दिवसांपूर्वी सर निवृत्तिवेतनाच्या एका कागदाची प्रत काढण्यासाठी बेळगावातील एका दुकानात गेले. पेनड्राइव्ह लावताच सगळे शॉर्टकट दिसले. तिथल्या मुलाने ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले आणि सर काही बोलण्याआधीच तो मारलाही, म्हणजे पेनड्राइव्ह कोरा केला. सरांना त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. घरी येऊन त्यांनी त्याच पेनड्राइव्हवर भाचीच्या साखरपुड्याचे फोटो घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्या फोटोंच्या फोल्डरचाही शॉर्टकट झालेला. मग ते माझ्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, ‘ताई, ओव्या गेल्या की हो सगळ्या.’

फाइल हरवलेली दिसल्यावर काही सेकंदांत घेतलेल्या एका निर्णयाने इतके नुकसान झाले, आणि तो निर्णय ज्या समजुतीवर घेतला गेला ती समजूतच चुकीची होती. हा शॉर्टकट करणारा व्हायरस सहसा काहीही पुसत नाही. तो मूळ फोल्डरांना ‘लपवलेली’ आणि ‘सिस्टिमची’ अशा दोन खुणा एकाच वेळी लावतो, त्यामुळे विंडोज ते फोल्डर दाखवत नाही. मग त्याच नावाचे शॉर्टकट तो तिथे ठेवतो. आपण त्यावर दोनदा टिचकी मारली की आधी व्हायरसची छोटी आज्ञावली चालते आणि लगेच खरा फोल्डरही उघडतो, म्हणून काही बिघडले आहे असे वापरणाऱ्याला वाटतच नाही. काही प्रकारांत सगळा मजकूर नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये हलवला जातो आणि पेनड्राइव्हमध्ये फक्त पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट उरतो. हे ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज पाहावे. आत काहीच दिसत नाही, पण १६ जीबीपैकी ६ जीबी जागा वापरलेली आहे असे तिथे लिहिलेले असेल, तर आपला मजकूर जागच्या जागी आहे. ही एक गोष्ट त्या मुलाने पाहिली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मी त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही असेच करत होते. फॉरमॅट हा आमच्या धंद्यात सगळ्यात पटकन हाताशी येणारा उपाय आहे.

शिवाय फॉरमॅट करून दुखणे गेलेही नाही, हे सरांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. ते जाणार नव्हतेच, कारण मूळ पेनड्राइव्हमध्ये नव्हते. संगणकाला एकदा लागण झाली की व्हायरस स्वतःची प्रत वापरकर्त्याच्या एखाद्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि संगणक सुरू होताच आपण आपोआप चालू व्हावे यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या नोंदवहीत), स्टार्टअपमध्ये किंवा टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कार्यक्रम चालवणाऱ्या यादीत) नोंद करून ठेवतो. त्यानंतर तो सतत जागा राहून नवा पेनड्राइव्ह लागला का, याची वाट पाहत असतो. म्हणून अशा संगणकावर पेनड्राइव्ह कितीही वेळा साफ केला, तरी आपण पाहत असतानाच काही सेकंदांत शॉर्टकट पुन्हा उमटतात. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखा हा प्रकार आहे. सरांचा पेनड्राइव्ह दुकानात रिकामा झाला, आणि घरच्या संगणकाने त्याला तीच लागण पुन्हा दिली. ती लागण त्या घरच्या संगणकाला मुळात कुठून आली असेल, याचा माग काढणे अशक्य आहे. शाळेतून आली असेल, दुसऱ्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून आली असेल, किंवा माझ्याही दुकानातून आली असेल.

आपल्या भागात ही साखळी इतकी लांब का आहे, याचेही एक कारण आहे आणि ते बाहेरच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. इथे एकाच माणसाला सरकारी कामाचा अर्ज कन्नडमध्ये हवा असतो, जो आम्ही बहुधा नुडी या कन्नड टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकित करतो, आणि त्याच घरची लग्नपत्रिका किंवा मंडळाचा अहवाल मराठीत हवा असतो, जो श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो. सगळ्या दुकानांत सगळे नसते. मजकूर एकीकडे टंकित होतो, मांडणी दुसरीकडे होते, छपाई बेळगावात किंवा कोल्हापुरात होते. या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, म्हणून तो ईमेलने पाठवायचा कुणी विचारच करत नाही. फॉन्टसह सगळे पेनड्राइव्हवर भरायचे आणि माणूस पाठवायचा. एक स्मरणिका पूर्ण होईपर्यंत तिचा पेनड्राइव्ह पाच-सहा संगणकांना लागून येतो, कधी राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरपर्यंत जातो आणि मग पुन्हा गावच्या शाळेच्या संगणकाला लागतो. या वाटेत एक जरी संगणक बाधित असला तरी बाकीच्यांची स्वच्छता वाया जाते.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते माझ्या अनुभवाने सांगते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढचा मजकूर वगळावा, पण अनेकांना त्याचा क्रम ठाऊक नसतो आणि या कामात क्रमालाच महत्त्व आहे. सुरुवात संगणकापासून करायची. सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे काढून ठेवावीत. अँटीव्हायरस कोणताही असो, तो मुदत संपलेला नाही आणि त्याची व्हायरसांची यादी आजच्या तारखेची आहे, याची खात्री करावी. केवळ कोपऱ्यात त्याचे चिन्ह दिसते म्हणून तो काम करतो आहे असे समजू नये. विंडोज १० आणि त्यापुढच्या संगणकांत मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो, वेगळे पैसे देऊन काही घेतले नसेल तरी तो पुरतो. त्यात ऑफलाइन तपासणीचा पर्याय आहे. तो निवडला की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच सुमारे १५ मिनिटांत तपासणी होते, म्हणजे व्हायरसला जागे होऊन स्वतःला वाचवण्याची संधी मिळत नाही. नेहमीच्या तपासणीत जे सुटते ते यात बरेचदा सापडते. त्यानंतर एकदा पूर्ण तपासणी करावी, तिला तास-दोन तास लागले तरी लागू द्यावेत.

एवढे झाल्यावर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात आणि टास्क शेड्युलरमध्ये अनोळखी नोंदी आहेत का ते पाहावे. डब्ल्यूस्क्रिप्ट नावाचा कार्यक्रम सतत चालू दिसत असेल तर संशय घ्यावा. हा कार्यक्रम विंडोजचाच आहे, तो पुसायचा नसतो, पण व्हायरसची आज्ञावली त्याच्या आडून चालते. त्या ओळीत कोणत्या फाइलचे नाव आहे ते पाहून ती फाइल आणि तिची नोंद काढायची असते. अनेकांना साफसफाईनंतर संगणक सुरू करताना ‘स्क्रिप्ट फाइल सापडत नाही’ अशा अर्थाची चौकट दिसते आणि ते घाबरतात. प्रत्यक्षात व्हायरसची फाइल गेलेली असते आणि तिला हाक मारणारी नोंद तेवढी मागे राहिलेली असते. ती नोंद काढली की चौकट बंद होते. ज्यांना रजिस्ट्रीत हात घालण्याची सवय नाही त्यांनी जाणकाराला बोलवावे. तिथे अंदाजाने काही पुसणे हे व्हायरसपेक्षा महाग पडते.

संगणक स्वच्छ झाल्याची खात्री झाल्यावरच पेनड्राइव्ह लावावा, आणि लावल्यावर त्यातील कशावरही दोनदा टिचकी मारू नये. आधी उजवी टिचकी मारून त्याची तपासणी करावी. मग लपलेले फोल्डर बाहेर काढण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी) उघडून पेनड्राइव्हचे अक्षर आणि कोलन टाइप करून एंटर दाबावे, म्हणजे आपण पेनड्राइव्हवर जातो. ते झाल्यावर इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकाच्या मध्ये जागा सोडून, ॲट्रिब, वजा एस, वजा एच, वजा आर, मग तिरपी रेघ एस आणि तिरपी रेघ डी असे (attrib -s -h -r /s /d) लिहून एंटर दाबावे. पेनड्राइव्हचे अक्षर दोनदा तपासावे, ही आज्ञा चुकून सी ड्राइव्हवर चालवू नये. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘हिडन’ची खूण काढण्याचा प्रयत्न बरेच जण करतात, पण ती चौकट फिकी दिसते आणि हातच लागत नाही, कारण व्हायरसने सिस्टिमची खूणही सोबत लावलेली असते. या आज्ञेने दोन्ही खुणा एकदम निघतात. फोल्डर दिसू लागले की आपला मजकूर संगणकावर घ्यावा, शॉर्टकट पुसावेत, आणि आपण न ठेवलेली अनोळखी फाइल असेल तर तीही पुसावी. फॉरमॅट करायचाच असेल तर तो इथे, मजकूर हाती आल्यानंतर करावा.

ज्यांच्याजवळ संगणकच स्वच्छ नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. ओटीजी केबल (पेनड्राइव्ह मोबाइलला जोडणारी वायर) लावून पेनड्राइव्ह अँड्रॉइड मोबाइलवर उघडला तर विंडोजसाठी लपवलेले फोल्डर बहुतेक वेळा तिथे सरळ दिसतात, आणि विंडोजसाठी लिहिलेला हा व्हायरस मोबाइलवर चालत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली असलेल्या संगणकावरही असेच होते. मी आता ग्राहकाच्या डोळ्यांदेखत मोबाइलवर त्याचे फोल्डर दाखवते, म्हणजे मजकूर गेलेला नाही हे त्याला पटते आणि तो घाबरून काही करत नाही.

एवढे करूनही लागण परत येते तेव्हा दोन ठिकाणी पाहावे. पहिले म्हणजे घरातले बाकीचे पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचे कार्ड, जुनी बाहेरची हार्डडिस्क. एक पेनड्राइव्ह साफ करून दुसरा खणात तसाच ठेवला तर सहा महिन्यांनी तोच सगळ्यांना पुन्हा बाधित करतो. त्या घरातले सगळे एकाच दिवशी तपासले पाहिजेत. दुसरे ठिकाण आम्हा डीटीपीवाल्यांचे खास आहे. फॉन्टचे सेटअप, प्रिंटरचे ड्रायव्हर, छोटी-मोठी सॉफ्टवेअरे आम्ही वर्षानुवर्षे पेनड्राइव्हवर घेऊन फिरतो. सॅलिटी आणि रॅमनिट यांसारखे व्हायरस वेगळी फाइल न बनवता अशा चालणाऱ्या कार्यक्रमांच्या आतच शिरून बसतात. सगळे साफ झाले असे वाटते, आणि नव्या संगणकावर फॉन्ट टाकण्यासाठी तो जुना सेटअप चालवला की सगळे पहिल्यापासून सुरू होते. असे सेटअप पेनड्राइव्हवर जपूच नयेत, लागतील तेव्हा मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने घ्यावेत. फोल्डरचे चित्र धारण केलेल्या पण खरे तर कार्यक्रम असलेल्या फाइलीही असतात. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट मुळातच लपवून ठेवते, म्हणून त्या ओळखू येत नाहीत. हे शेपूट दाखवण्याचा पर्याय प्रत्येक शाळेच्या आणि दुकानाच्या संगणकावर सुरू केलेला असावा.

शाळांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. आमच्या तालुक्यातील जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला नेटवर्क नीट नसते आणि तिथले शिक्षक मला अनेकदा सांगतात की आमच्या संगणकाला इंटरनेटच नाही, व्हायरस कुठून येणार. व्हायरसला इंटरनेट लागतेच असे नाही. १९८६ सालचा ब्रेन हा संगणकांवरचा अगदी सुरुवातीचा व्हायरस फ्लॉपीवरून पसरला होता, आणि २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट तर बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या यंत्रणांत यूएसबीवरून शिरण्यासाठीच घडवला होता. उलट इंटरनेट नसलेल्या संगणकाचा अँटीव्हायरस महिनोन्‌महिने जुनाच राहतो, म्हणून तो अधिक सहज बळी पडतो. अशा शाळांसाठी डिफेंडरच्या ताज्या यादीची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून दुसरीकडे उतरवून, स्वच्छ पेनड्राइव्हने नेऊन चढवता येते. महिन्यातून एकदा तालुक्याला येणाऱ्या शिक्षकाने एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल. संगणक जुने असणे ही मात्र खरी अडचण आहे. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आपल्या कित्येक शाळांत याहून नवे काही नाही. यंत्रे बदलणे शिक्षकांच्या हातात नाही. पण एवढे तरी करता येईल की प्रश्नपत्रिका ज्या संगणकावर तयार होतात त्यावर विद्यार्थ्यांचे आणि बाहेरचे पेनड्राइव्ह लावू नयेत.

आता माझ्या मुख्य विनंतीकडे येते, आणि ती माझ्याच व्यवसायातील मंडळींना आहे. मी डीटीपी शिकले तेव्हा साडेतीन इंची फ्लॉपीचे दिवस होते. तिच्या कोपऱ्यात एक छोटी सरकपट्टी असे. ती सरकवली की त्या फ्लॉपीवरचे वाचता येई, पण तिच्यावर काही लिहिता येत नसे, आणि आमच्या शिक्षिका दुसऱ्याच्या संगणकाला फ्लॉपी लावण्याआधी ती पट्टी सरकवायला लावत. पेनड्राइव्ह आले आणि ही सोय बहुतेक ठिकाणी गेली, मोजक्या पेनड्राइव्हवर आणि एसडी कार्डावर तेवढी ती उरली आहे. पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालू होणारे व्हायरस रोखण्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याआधीच्या विंडोजमध्येही बदल केला, तेव्हा तो जुना मार्ग बऱ्यापैकी बंद झाला. शॉर्टकटवाले व्हायरस मात्र आपल्याच बोटाने सुरू होतात, त्यामुळे त्यांना तो बदल अडवत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातील छपाईच्या संगणकाला ग्राहकाच्या पेनड्राइव्हवरून फक्त वाचायचे असते. त्यावर लिहिण्याची त्याला काहीच गरज नाही. मग ती लिहिण्याची मुभा काढून का घेऊ नये? विंडोजमध्ये हे करता येते. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल या क्रमाने जाऊन तिथे स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज (StorageDevicePolicies) नावाची चावी तयार करायची आणि तिच्यात राइट प्रोटेक्ट (WriteProtect) या नोंदीची किंमत १ ठेवायची. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतूनही ही बंदी घालता येते. त्यानंतर त्या संगणकाला लावलेल्या पेनड्राइव्हमधले वाचता येते आणि छापता येते, पण त्यावर एक अक्षरही लिहिले जात नाही. संगणक बाधित असला तरी तो रोज येणाऱ्या ग्राहकांना लागण वाटत बसत नाही. याला एक मर्यादा आहे, ती लपवत नाही. प्रशासकाचे अधिकार मिळवलेला व्हायरस ही बंदी उठवू शकतो, म्हणून रोजचे काम साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून करावे आणि प्रशासकाचा पासवर्ड मालकाने स्वतःजवळ ठेवावा. आमच्या दुकानात छपाईच्या संगणकावर ही बंदी लावल्यापासून कामात अडचण आली ती एकच. स्कॅन केलेले कागद ग्राहकाला पेनड्राइव्हवर देता येत नाहीत. ते आम्ही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवतो, आणि ज्यांना पेनड्राइव्हवरच हवे असतात त्यांच्यासाठी एक वेगळा संगणक ठेवला आहे, जो दररोज सकाळी तपासला जातो.

नाडकचेरी (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालय), तहसीलदार कार्यालय आणि महाविद्यालये यांच्या आसपासच्या दुकानांनी एवढे केले तरी साखळीचा मोठा भाग तुटेल, कारण सगळ्यांत जास्त पेनड्राइव्ह तिथेच लागतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही २०१७ पासून साफसफाईची साधने मोफत मिळतात, आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले यूएसबी प्रतिरोध हे साधन कोणता पेनड्राइव्ह लागू द्यायचा यावर नियंत्रण ठेवण्यासाठीच आहे. खर्चाचे कारण त्यामुळे फारसे उरत नाही. संगणक दुरुस्तीची दुकाने चालवणाऱ्या बंधूंना मात्र मी कळकळीने सांगते की ग्राहकाला विचारल्याशिवाय, आणि वापरलेली जागा पाहिल्याशिवाय, कुणाच्याही पेनड्राइव्हचा फॉरमॅट मारू नये. त्या छोट्या वस्तूत कुणाचे काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

सरांच्या फाइलींचे काय झाले, ते सांगते. घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये मजकूर लगेच नष्ट होत नाही, कोणती फाइल कुठे आहे याची सूची तेवढी कोरी होते, आणि नवे काही लिहिले जाईपर्यंत जुने खाली तसेच असते. फोटो घेतल्यामुळे त्यातला काही भाग कायमचा झाकला गेला. पेनड्राइव्हवर आणखी काही न लिहिता मी फोटोरेक नावाच्या मोफत कार्यक्रमाने उरलेले बाहेर काढले. २१० फाइली धडपणे उघडल्या, बाकीच्या अर्धवट आल्या किंवा आल्याच नाहीत. या पद्धतीत फाइलींची मूळ नावे जातात आणि नुसते आकडे येतात. त्यातच मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असल्यामुळे ‘जाते’ किंवा ‘माहेर’ असा शब्द टाकून शोधही घेता येत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांची रांग आहे. म्हणून सर रोज दुपारी येऊन एकेक फाइल उघडतात, ओवी वाचतात, ती कुणाची ते आठवतात आणि आम्ही तिला नाव देऊन युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून ठेवतो. युनिकोडमधला मजकूर मोबाइलवरही वाचता येतो आणि ईमेलनेही पाठवता येतो, त्यामुळे यापुढे तो पेनड्राइव्हवर अवलंबून राहणार नाही. टंकित केलेल्या कामाच्या फाइली वर्षभर ठेवून पुसायच्या, ही आमच्या दुकानाची जुनी रीत होती. तिचा मला फार पश्चात्ताप होतो आणि ती मी बंद केली आहे. ज्या वह्यांत या ओव्या प्रथम लिहिल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच पावसाच्या ओलीने आधीच खराब झाल्या आहेत.

सरांनी गेल्या काही वर्षांत या ओव्यांच्या छापील प्रती साहित्य संमेलनांच्या वेळी आणि शाळांमधून हौसेने वाटल्या होत्या. पिवळसर कागदावर, दोन स्तंभांत छापलेली आणि तळाशी ओवी सांगणाऱ्या बाईच्या गावाचे नाव असलेली अशी पाने कुणाकडे असतील, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात कळवावे. माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, तो छापू नये. आलेला निरोप मी सरांपर्यंत पोहोचवीन.

कळावे,
आपली नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक
खानापूर, जि. बेळगाव